तारीख गेलेला माल जातो कुठे?

किराणा दुकानात समोरच्या फळीवरचा माल गिऱ्हाइकाला दिसतो, मागच्या खोलीतला फक्त दुकानदाराला. पुड्यावरची तारीख उलटली की तो समोरून उतरतो. निदान उतरायला हवा. उतरल्यावर त्याचं काय होतं, हे मात्र कोणी विचारत नाही. आगरला आमचं दुकान आहे, आणि माझ्या मते सगळं घोडं इथेच अडलंय. तारीख गेलेला माल परत घ्यायला कोणी तयार नसेल तर तो फळीवरच राहतो, आणि फळीवर राहिलेला माल कधी ना कधी कोणाच्या तरी पिशवीत जातो.

आगर हे डहाणूच्या किनाऱ्यावरचं गाव. नरपड, चिखले, घोलवड, बोर्डी हा सगळा चिकूच्या वाड्यांचा पट्टा. गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. मच्छीमार, वाडीत मजुरीला येणारी वारली कुटुंबं, शाळेतले शिक्षक, शनिवार-रविवारी समुद्रावर येणारे मुंबईकर. सासऱ्यांनी दुकान सुरू केलं तेव्हा माल गोणीतून यायचा. तांदूळ, तूरडाळ, गूळ, मिरची, तेलाचा डबा. तेव्हा माल हाताला आणि नाकाला कळायचा. डाळीत हात घातला की आत जाळी धरलीय का ते समजायचं, शेंगदाणा चावला की खवट आहे का ते जिभेवर यायचं. आज दुकानातला बहुतेक माल बंद पाकिटात आहे. त्याला हात लागत नाही, नाक लागत नाही. उरते ती तारीख. म्हणून ती नीट समजून घ्यायला हवी.

पाकिटावर एक तारीख माल बनवल्याची किंवा पॅक केल्याची असते. दुसरी ‘एक्सपायरी’ किंवा ‘यूज बाय’. २०२० साली आलेल्या लेबलच्या नियमांप्रमाणे या दोन्ही छापाव्या लागतात. ‘बेस्ट बिफोर’ ही तिसरी गोष्ट कंपनीला हवी तर जादा छापता येते. ‘बेस्ट बिफोर’ म्हणजे तोवर चव, वास, कुरकुरीतपणा कंपनी म्हणते तसा राहील. त्यानंतर जिन्नस उतरेल, पण खाण्यालायक असूही शकेल. ‘यूज बाय’ उलटली की मात्र तो माल बाजारात ठेवायचाच नाही. घरी बेस्ट बिफोरच्या पुढे चार दिवस गेलेला रवा भाजून खाल्ला तर आकाश कोसळत नाही, आणि असं अन्न भीतीपोटी फेकून देणं मला पटत नाही. पण दुकानदारानं तो हिशेब गिऱ्हाइकाच्या वतीनं करायचा नाही. माझ्या स्वयंपाकघरात निर्णय माझा. माझ्या दुकानात तो माझा नाही.

आता ही तारीख वाचायची कशी? जवळच्या पाड्यावरची एक आजी नातवासाठी बाळाच्या खिमटीचं पाकीट घ्यायला येते. पाकीट हातात फिरवते आणि माझ्यापुढे धरते. “बाय, तारीख बघ ना गं, पोराला द्यायचंय.” मी बघते. समोर गुबगुबीत बाळाचं चित्र, मोठ्या अक्षरात नाव. मागे बारीक अक्षरांची रांग आणि त्यात एक ओळ: तारखेसाठी पाकिटाची वरची पट्टी पाहा. वरची पट्टी चुरगळलेली, तिच्या सुरकुत्यांत काळ्या ठिपक्यांनी छापलेले आकडे. दिवस, महिना, वर्ष, त्याला चिकटून बॅच नंबर, त्याला चिकटून किंमत. पट्टी दोन्ही अंगठ्यांनी ताणून उजेडात धरली तेव्हा कुठे महिना लागला. मला शिकलेलीला चष्मा लावून एवढी खटपट, तर त्या आजीनं काय करायचं? नियम सांगतो की लेबलवरचा मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरीतल्या हिंदीत असला पाहिजे. बाकीच्या भाषा कंपनीच्या मर्जीवर. आमच्या भागात मराठी, गुजराती आणि वारली बोलतात. ‘यूज बाय’ हे दोन शब्द ज्यांच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचे, त्यांच्याच कानावर ते कधी पडलेले नाहीत. महाराष्ट्रात विकल्या जाणाऱ्या पाकिटावर ‘या तारखेनंतर वापरू नका’ एवढं मराठीत, ठसठशीत आणि ठरलेल्या एकाच जागी छापायची सक्ती व्हायला हवी. याला यंत्र नवं लागत नाही, इच्छा लागते.

वाचता न येणाऱ्यांनीही एक बघावं. तारखेवर स्टिकर चिकटवलेला असेल, आकड्यांभोवती पुसल्यासारखा धुरकट डाग असेल, किंवा त्याच मालाच्या दोन पुड्यांवरची छपाई वेगवेगळ्या वळणाची असेल, तर तो पुडा परत ठेवा. ठिपक्यांची शाई थिनरनं पुसता येते आणि वर नवी तारीख मारता येते. ही लबाडी करणारे आहेत.

तारखेबद्दल आणखी एक गोष्ट गिऱ्हाइकालाच काय, पुष्कळ दुकानदारांनाही ठाऊक नसते. ती तारीख अटींवर दिलेली असते. ‘थंड आणि कोरड्या जागी, उन्हापासून दूर ठेवा’ हे वाक्य शोभेला छापलेलं नाही; ते पाळलं तरच ती तारीख खरी. आमच्याकडे खारा वारा चोवीस तास. पावसाळ्यात तर उघडं मीठ पाणी सोडतं, पापड वाकतात, बिस्किटं दुपारी उघडली तर संध्याकाळी सादळतात. आत गंजाड, सायवन, उधवा, कासा या बाजूला पत्र्याच्या टपऱ्या आहेत. एप्रिल-मे महिन्यात त्या पत्र्याखाली माल अक्षरशः शेकतो. वेफरचं पाकीट, शेंगदाण्याची चिक्की, तेलाची पिशवी यांतलं तेल उष्णतेनं आणि उजेडानं खवट होतं. तारखेला दोन महिने बाकी आणि आत माल खवट, हे मी अनेकदा पाहिलंय. उलटही होतं. उन्हाळ्यात चॉकलेटवर पांढरा थर आला की गिऱ्हाईक बुरशी म्हणून भांडायला येतं. तो बहुधा वितळून पुन्हा गोठलेल्या कोको बटरचा असतो, त्यानं अपाय होत नाही. पण आइस्क्रीम वितळून पुन्हा गोठलं असेल, कपाचा आकार बिघडला असेल, आत बर्फाचे कण टोचत असतील, तर ते मुलाला देऊ नका. डहाणूत ५०० मेगावॅटचं औष्णिक वीज केंद्र आहे, तरी पावसाळ्यात आमच्या पाड्यांवर दिवे कधी जातात आणि कधी येतात याचा भरवसा नसतो. टपरीतला फ्रीझर रात्रभर बंद होता हे पाकिटावर कुठेच छापलं जात नाही.

किनाऱ्यावर आगोट भरायची जुनी पद्धत आहे. पावसाळ्यात होड्या बंद, म्हणून मे महिन्यातच सुके बोंबील, सुकट, मिरची, मसाला, कांदे, डाळी घरात भरून ठेवायच्या. आमच्या सासूबाई आगोटीचा माल कडक उन्हात वाळवल्याशिवाय डब्यात भरू देत नसत. गरम माल डब्यात भरला की आत घाम धरतो, म्हणून तो आधी सावलीत निववायचा. बरण्या कोरड्या ठणठणीत हव्यात. अन्न टिकवण्यातली मोठी गोष्ट म्हणजे ओल बाहेर ठेवणं, हे त्या कुठल्याही पुस्तकावाचून जाणत होत्या.

ओल किती घात करते हे १९७४ साली आपल्या शेजारीच दिसलं. गुजरातचा पंचमहाल आणि राजस्थानचा बांसवाडा या भिल्लांच्या जिल्ह्यांत अवकाळी पावसानं मका भिजला, त्यावर बुरशी धरली. गरिबाघरी दुसरं धान्य नव्हतं, तोच मका लोकांनी खाल्ला. कावीळ झाली, पोटात पाणी भरलं. नोंद झालेल्या जवळपास ४०० रुग्णांतली १०६ माणसं दगावली. त्या बुरशीतल्या विषाला अफ्लाटॉक्सिन म्हणतात. शेंगदाणा, मका, सुकी मिरची यांवर ती बुरशी धरते आणि तिचं विष भाजून किंवा शिजवून पुरतं जात नाही. बुरशी झटकली तरी विष दाण्यात राहतं. म्हणून बुरशी आलेले शेंगदाणे ‘निवडून घेऊ’ म्हणणाऱ्यांशी मी वाद घालते. गुरांनाही घालू नका. ते विष दुधातून परत येतं.

आता मूळ मुद्द्याकडे, मागच्या खोलीकडे. पाच रुपयांचा बिस्किटाचा पुडा विकला की आम्हाला चाळीस-पन्नास पैसे सुटतात. एक पुडा टाकून द्यावा लागला की नऊ-दहा पुड्यांची कमाई गेली. माल देताना एजन्सीचा सेल्समन गोड बोलतो. “भाभी, स्कीम आहे, एक पेटी जास्त घ्या, नाही खपली तर मी आहे ना.” महिन्याचं टार्गेट त्याच्या मानेवर असतं, तो तरी काय करणार! तीन महिन्यांनी तोच माल परत न्या म्हटलं की उत्तर येतं, “भाभी, क्लेम पास होत नाही. वरून लिमिट आहे.” काही कंपन्या माल बदलून देतात, काही ठरावीक टक्क्यांपर्यंतच देतात, काही तारीख संपायच्या आत कळवलं तरच घेतात. डहाणू रोड स्टेशनाजवळच्या मोठ्या दुकानाचा शब्द एजन्सी मोडत नाही. आमचं जेमतेम ऐकते. आणि आमच्याकडूनच डझन-दोन डझन लड्या उधारीवर नेऊन पाड्यावर विकणाऱ्या टपरीवालीला एजन्सी ओळखतच नाही. साखळीत ती शेवटची. तिच्याकडे माल पोचतो तेव्हाच त्याचं निम्मं आयुष्य सरलेलं असतं, आणि तोटा सोसायची ताकद तिची सगळ्यात कमी.

त्यात आमच्या भागाची एक रीत आहे. भाताची कापणी झाली, दिवाळी उरकली की डहाणू-तलासरीच्या पाड्यांवरली कुटुंबंच्या कुटुंबं वीटभट्ट्यांवर, वसई-भिवंडीकडे, गुजरातेत कामाला जातात. पाडे ओस पडतात. होळीला माणसं येतात, काही पुन्हा जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. दिवाळीत भरलेल्या टपरीतला माल या महिन्यांत तसाच लटकून राहतो. पाऊस सुरू झाला, गिऱ्हाईक परत आलं, तेव्हा कुरकुऱ्यांच्या माळा, बिस्किटं, बाळाची पाकिटं तारखेच्या काठावर किंवा पलीकडे गेलेली असतात. टपरीवालीला तारीख वाचता येत नाही, वाचता आली तरी फेकायला जीव होत नाही, आणि परत घ्यायला कोणी नाही. तिला दोष देऊन काय मिळणार?

आठवडी बाजारात आणि चैत्रात विवळवेढ्याला महालक्ष्मीची यात्रा भरते तेव्हा ‘दहाला तीन’ असा पुकारा करून पाकिटं विकली जातात. सगळीच वाईट नसतात. पण ज्या मालाची किंमत अचानक निम्म्याच्या खाली येते त्याची तारीख आधी बघावी आणि मग पैसे काढावेत. गुजरातची सरहद्द जवळ असल्यानं टेम्पोतून बिनबिलाचा मालही येतो. तो स्वस्त पडतो. मी घेत नाही, कारण बिल नसेल तर माल बिघडल्यावर बोट दाखवायला कोणीच उरत नाही.

कायदा काय म्हणतो ते सांगते. अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६चा, अमलात आला ५ ऑगस्ट २०११ला. त्याच्या कलम २७मध्ये जबाबदारी वाटून दिली आहे. तारीख उलटलेला माल विकला तर विक्रेता जबाबदार, आणि तारीख उलटलेला माल पुरवला तर घाऊक व्यापारी आणि वितरकही जबाबदार. उत्पादकानं साठवणुकीच्या ज्या सूचना दिल्या त्या मोडून माल ठेवला, तरी वितरक अडकतो. म्हणजे उन्हात उभ्या टेम्पोत दिवसभर चीज आणि लोणी फिरवणंही त्यातच आलं. कलम ६५ प्रमाणे असुरक्षित अन्नानं मृत्यू झाला तर वारसांना किमान ५ लाख रुपये भरपाई आहे. कलम ४०नं तर साध्या गिऱ्हाइकाला अधिकार दिलाय की विकत घेतानाच दुकानदाराला तसं सांगून, फी भरून, तो जिन्नस अन्न विश्लेषकाकडून तपासून घ्यावा; दोष सापडला तर फी परत मिळते. कायदा चांगला आहे. पण तारीख संपलेला माल टपरीवरून उचलून न्यायची जबाबदारी कोणाची, याचं नेमकं उत्तर आम्हाला फळीपाशी मिळत नाही.

अलीकडे हालचाल दिसते. डिसेंबर २०२४मध्ये केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणानं परवानाधारक उत्पादक, पुन्हा पॅकिंग करणारे आणि आयातदार यांना दर तीन महिन्यांनी हिशेब द्यायला सांगितलं: किती माल नापास झाला, किती मुदत संपून परत आला, आणि त्याचं पुढे काय केलं. नष्ट केला, लिलावात दिला की आणखी कुठे गेला. मला हे पाऊल फार मोलाचं वाटतं, कारण ‘जातो कुठे’ हा प्रश्न सरकारनं पहिल्यांदा मोठ्यांना विचारला. पण जो माल परत आलाच नाही, पाड्यावरच लटकत राहिला, तो या हिशेबात येणार नाही. आणि हा आजार खेड्यातल्या टपरीचाच आहे असं कोणी समजू नये. जून २०२५मध्ये महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनानं दहा मिनिटांत सामान पोचवणाऱ्या झेप्टोच्या धारावीतल्या केंद्राचा परवाना निलंबित केला. तपासणीत काही पदार्थांवर बुरशी, ओली घाण जमीन आणि तारीख संपलेला माल चांगल्या मालापासून वेगळा न केलेला आढळला होता.

वेगळा ठेवणं, हेच तर पहिलं काम. आमच्याकडे मागच्या खोलीत एक पत्र्याचा डबा आहे, त्यावर ‘विकायचा नाही’ असं लिहिलंय. नवा माल आला की तो मागे लावायचा, जुना पुढे ओढायचा. जो आधी संपणार तो आधी हाताला यायला हवा. महिन्याभरात संपणारा माल वहीत लिहून सेल्समनला दाखवायचा आणि त्याची सही घ्यायची. जो परत जात नाही तो पाकीट फाडून, आतला जिन्नस काढून खड्ड्यात पुरायचा. पाकीट न फाडता कचऱ्यात टाकलं तर ते उचलून पुन्हा बाजारात येतं, म्हणून फाडायचंच.

सुट्या मालाला मात्र तारीखच नसते. मजुरी रोजची, म्हणून खरेदीही रोजची. दहा रुपयांचं तेल, पाच रुपयांची मिरची, दोन चमचे चहा. सुटं खाद्यतेल विकायला कायद्यानं बंदी आहे, तरी पाड्यांवर ते विकलं जातं, कारण लोकांना परवडतं तेवढंच. मोठ्या पाकिटातून पुडी बांधली की तारीख रिकाम्या पाकिटावर राहते आणि जिन्नस गिऱ्हाइकाबरोबर जातो. मी मसाल्याच्या पुडीवर बॉलपेननं तारीख लिहून देते. याला खर्च नाही, प्रत्येक दुकानदाराला जमेल. सुट्या मिठाईबाबत तर १ ऑक्टोबर २०२०पासून नियमच आहे की ताटापुढे ‘बेस्ट बिफोर’ तारीख लावलेली हवी. तुमच्या मिठाईवाल्याकडे ती पाटी आहे का, बघा.

आणि शिजवलेल्या अन्नाचं आयुष्य तर तासांत मोजायचं. ऑगस्ट २०२४च्या पहिल्या आठवड्यात डहाणू आदिवासी विकास प्रकल्पातल्या आश्रमशाळांमधल्या अडीचशेच्या आसपास मुलांना उलट्या, मळमळ सुरू झाली. रणकोळच्या शाळेतली मुलं होती, आजूबाजूच्या इतर शाळांतली होती. कित्येकांना सरकारी दवाखान्यात ठेवावं लागलं. जेवण आलं होतं बोईसरजवळच्या कांबळगावच्या मध्यवर्ती स्वयंपाकघरातून. आमच्याकडे वाड्यांत कामाला येणाऱ्या बायांची लेकरं या आश्रमशाळांमध्ये शिकतात. त्या दिवशी त्या बायांचे चेहरे मी पाहिले. त्या घटनेत नेमकं काय चुकलं यावर मी बोलणार नाही. पण शिजवलेल्या अन्नाचं शास्त्र सरळ आहे. ते ६० अंशांच्या वर गरम राहिलं पाहिजे किंवा ५ अंशांच्या खाली गार. मधल्या कोमट अवस्थेत जंतू भराभर वाढतात. भातातल्या काही जंतूंची बीजं उकळूनही मरत नाहीत. भात तासन्‌तास कोमट राहिला की ती उगवतात आणि विष सोडतात. ते विष पुन्हा गरम केल्यानंही जात नाही, त्याला वासही नसतो. म्हणून पिंपात भरलेलं जेवण गाडीतून लांबवर न्यायचं असेल तर ते किती वाजता शिजलं, किती वाजता निघालं आणि पानात किती वाजता पडलं, ही वेळ पिंपावर लिहिलेली हवी. बिस्किटाच्या पुड्यावर तारीख लागते, तर अडीचशे मुलांच्या वरणभातावर वेळ का नको?

वाचणाऱ्यांना माझी एवढीच विनंती. बिल मागा, छोटं असलं तरी. पाकिटावर आणि दुकानात १४ आकडी नंबर असतो तो बघा. एकनं सुरू झाला तर परवाना, दोननं सुरू झाला तर नोंदणी. तारीख गेलेला पुडा सापडला तर फोटो काढून त्याचा गाजावाजा करण्याआधी दुकानदाराला दाखवा आणि तो फळीवरून समोरासमोर उतरवून घ्या. त्यानं ऐकलं नाही तर अन्न व औषध प्रशासनाच्या १८००२२२३६५ या टोल फ्री क्रमांकावर किंवा १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर कळवा. आणि ज्या कंपन्या आमच्या पाड्यापर्यंत पाच रुपयांची लडी पोचवू शकतात, त्यांनी मुदत संपल्यावर ती लडी त्याच वाटेनं, अटी न घालता, परत न्यावी. माल पोचवायला गाडी येते, ती परत जाताना रिकामीच असते.